सारसकाठाची चावी

धुरपताबाईच्या घरातली लेक सासरी निघाली की तिच्या अंगावर सारसकाठाचं लुगडं असायचं. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी मोडलेलंही नव्हतं. कोसा, ते रानातलं रेशीम, आंबागडाकडचा, ऐनाच्या पानांवर पोसलेला. रंग पिकल्या धानाच्या लोंबीचा. काठाला सगळ्यात खाली बोडीचं पाणी, म्हणजे धानाच्या बांध्यांमध्ये ते लहानसं तळं असतं ना, त्याचं. पाण्यावर करवतीचे दाते. आणि दात्यांवर सारसांची जोडी, मानेला मान लावून. नवरी चालली की काठ हलायचा, काठ हलला की पाणी हलायचं, आणि बघणाऱ्या बाया म्हणायच्या, "पाहा वो, पक्षी चालून राहिले!"

करवतीचा काठ विणकरांच्या ह्या कोष्टीपुऱ्यात कुणीही विणी. सारस मात्र ह्या एकाच घरच्या मागावर उतरत, आणि त्याचं कारण मागाच्या वर टांगलेलं होतं. जाळं. सुती दोऱ्यांचा, गाठींनी जड झालेला तो घोस धुरपताबाईच्या सासूनं बांधला होता आणि धुरपताबाईनं तो डागडुजी करकरून जिवंत ठेवला होता. एक दोरी ओढली की ताण्यातले नेमके धागे वर उचलले जात, खालून धोटा पळे, आणि सारसाच्या पायाची एक रेघ उमटे. कोणती दोरी कधी ओढायची हे विणणारीला ठाऊक. पण कोणत्या दोरीच्या पोटात कोणते धागे बांधलेत, ते फक्त जाळ्याला ठाऊक.

दोऱ्यांचा क्रम चुकू नये म्हणून घरात गाणं होतं. धुरपताबाईनं ते सुनेला, कौशल्येला, ती लग्न होऊन आली त्याच वर्षी दिलं. दागिना नंतर दिला, गाणं आधी.

पहिल्या दोरीले बाई, पाणी बोडीचं हाललं
दुसऱ्या दोरीले बाई, पाऊल सारसाचं चाललं
तिसऱ्या दोरीले बाई, पंख उन्हात फाकले
चवथ्या दोरीले बाई, दोघं एकमेकां झुकले

असं पुढं पुढं, मान मानेला लागेपर्यंत. कौशल्या विणताना म्हणायची, म्हातारी भिंतीला टेकून ऐकायची, आणि म्हातारा तुलाराम ओट्यावर सुताच्या कांड्या भरता भरता मान डोलवायचा. कौशल्येचा नवरा खेमराज गावोगाव करवतकाठी लुगडी विकायला जायचा; सारस मात्र घरच्या लेकींपुरता, विकायचा नाही. त्यांची एकुलती लेक विजयमाला तेव्हा शाळेत होती. तिच्या लग्नाचं लुगडं कोणतं, ह्याचा विचार करायची गरजच नव्हती. पावसाळ्यानंतर हिवाळा येणार, याचा कुणी विचार करतं का?

अठ्ठ्याऐंशी साल उजाडलं आणि विणकर सोसायटीत कंप्युटर आला.

भंडाऱ्याहून जीपमधून आला, गादीत गुंडाळून, एखाद्या बाळंतिणीसारखा. सोसायटीचे सेक्रेटरी यादोराव त्याच्यामागं चालत होते, पायात वहाण नव्हती. तो चालवायला सेवकराम आला. भंडाऱ्यात त्याचा टायपिंगचा वर्ग होता. सरकारी योजनेतून मशीन मिळालं होतं आणि त्यात नागपूरच्या एका कंपनीचा नक्षीचा प्रोग्राम होता. पडद्यावर चौकटी दिसत. चौकट भरली की एक धागा वर, रिकामी ठेवली की खाली.

यादोराव दुसऱ्याच दिवशी धुरपताबाईच्या ओट्यावर येऊन बसले.

"बुढीमाय, तुमच्या जाळ्याले उंदीर लागले. आज ना उद्या तुटन. मशीनमध्ये भरून टाकू. मंग अमर झालं समजा."

"अमर कोण झालं बापा आजवर?" म्हातारी म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आवाज कुठून येतो त्या दिशेला ती तोंड करायची.

"जाळं अमर होईन. तुमच्या नातीची नात बी सारस नेसन."

म्हातारीनं तोंड मागाकडं वळवलं. मग तिनं सुनेला विचारलं, "कौशल्ये, तुले काय वाटते?"

कौशल्येनं वर पाहिलं. जाळ्याच्या खालच्या टोकाला उंदरानं कुरतडलेला दोऱ्यांचा भुसा लोंबत होता. म्हातारीला तो दिसत नव्हता. कौशल्येला रोज दिसायचा.

"भरून टाकू, आत्याबाई," ती म्हणाली.

आता जाळं म्हणजे काही पोथी नव्हे की पान उलटलं आणि वाचलं. गाठीच्या आत गाठ, तिच्या आत आणखी एक. उसवल्याशिवाय पोटातले धागे कळेनात. म्हणून एकेक दोरी सोडवायची, म्हातारीनं बोटांनी चाचपून सांगायचं, कौशल्येनं मोजायचं आणि सेवकरामनं चौकट भरायची. संक्रांतीला सुरुवात झाली, होळीपर्यंत चाललं. सोडवलेली दोरी म्हातारी मांडीवर ठेवून घ्यायची. एखाद्या लेकराचे केस विंचरावे तशी ती तिच्यावरून हात फिरवायची.

शेवटची गाठ सुटली त्या दिवशी सेवकरामनं पडद्यावर सारस दाखवला. सगळा एकदम मावत नव्हता. आधी पाय दिसले, मग पंख सरकत वर आले, मग मान. हिरव्या उजेडाचा पक्षी. कोष्टीपुऱ्यातल्या बाया दारात दाटल्या होत्या.

"आत्याबाई, आला वो पक्षी," कौशल्या सासूच्या कानाशी म्हणाली.

"मले काय दिसते? तू पाह्यलं न?"

"पाह्यलं."

"मंग झालं."

सेवकरामनं पडदा बंद केला आणि मशीनच्या तोंडातून दोन काळे पातळ चौकोन बाहेर काढले. पापडाएवढे. "ह्याले फ्लॉपी म्हणते. ही नक्षीची. सारस हिच्यात बसला. आणि ही चावीची. ही आधी आत टाकली तरच मशीन आपली नक्षी उघडते. नाही तर नाही."

"मंग चावीच्या दोन करून ठेव ना रे भाऊ," कौशल्या म्हणाली. "घराच्या कुलपाच्या बी दोन चाव्या राहतेत."

"कंपनीनं तशी सोय ठेवली नाही, वहिनी. नक्षीच्या फ्लॉपीच्या पाहिजे तेवढ्या काढा. चावीची एकच. दुसरी काढाले गेलं का ती कोरीच निघते."

"कायले असं?"

यादोरावांनी उत्तर दिलं. त्यांना ते नागपुरात सांगितलं होतं आणि पाठ होतं. "चोरी होऊ नये म्हणून."

म्हातारी धुरपताबाई खुदकन हसली. "बापा! आपल्याच घरात आपण चोरी करू काय?"

सगळे हसले. यादोरावही हसले. नक्षी कागदावर छापून घ्यायचं मशीन मंजूर झालं होतं, पण आलं नव्हतं. दिवाळीच्या आधी येतं असं यादोराव म्हणाले. ते आलं की कागदावरून नवं जाळं बांधता येणार होतं. जुन्या जाळ्याच्या दोऱ्या कौशल्येनं पिळून त्यांची खाटेच्या पायथ्याला अडवण घातली, खाट ताणून धरणारी.

वैशाखात म्हातारी खाटेवरून उठेनाशी झाली. त्याच खाटेवरून, त्याच दोऱ्यांवरून. विजयमालेचं लाखनीला जमत होतं. मुलगा इश्वर, हमरस्त्यावर त्याच्या बापाचं चहा-नाश्त्याचं दुकान. म्हातारीनं ते ऐकलं, समाधान मानलं, आणि एका दुपारी सुनेला म्हणाली, "सासूनं मले लेक मानून दिलेलं लग्नाचं लुगडं काढ. मी अहेवपणी जाऊन राहिली. थे नेसूनच जाईन."

संदुकेत ते एकच सारसकाठ उरलं होतं. खेमराज बायकोला बाजूला घेऊन म्हणाला, "नमुना म्हणून ठेवू काय? दुसरं नेसवू. बुढीले काय दिसते?"

कौशल्येला राग आला. मरत्या माणसाला फसवायचं? "काहून ठेवाचं? मशीनमध्ये हाय ना सारं! जाऊ द्या तिले तिच्या पक्ष्यांसंगं."

आणि म्हातारी गेली. पिकल्या धानाच्या रंगात, हळदीकुंकवात. चितेवर आधी काठ पेटला. कोसा जळतो तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो. त्या दिवसापासून म्हातारा तुलाराम ताटावर बसायचा, दोन घास खायचा आणि उठायचा. कुणी आग्रह केला तर म्हणायचा, "भूक नाही बाई." सारसाची जोडी फुटली की मागे राहिलेला खात नाही, असं तिकडं म्हणतात. पण घरात ते कुणी बोललं नाही.

लग्न माघात ठरलं. ओल्या दिवसांत सुताला ओल धरते, म्हणून नवं जाळं पावसाळ्यात कुणी बांधत नाही. दसऱ्याला मागाची पूजा करायची, एकादशीला हात लावायचा. कोष्टीपुऱ्याची ही जुनी रीत. छापायचं मशीन नाही आलं तर पडद्यावर बघून बांधू, असं सेवकराम म्हणाला होता.

दसऱ्याला माग थांबले. बायांनी माग धुतले, धोट्यांना हळदकुंकू लावलं, फणीला अक्षता वाहिल्या, आपट्याची पानं ताण्यात खोवली. सोसायटीतही पूजा होती. सेवकराम सणाला आपल्या गावी गेला होता. यादोरावांनी मशीनला झेंडूचा हार घातला आणि निरोप धाडला की पूजा सारसवाल्या घरच्या सवाष्णीनं करावी. कौशल्येला मान वाटला. नवी चोळी घालून ती ताट घेऊन आली.

पडद्याला कुंकू लावलं. बटणांच्या पाटीला लावलं. मग यादोरावांनी कपाटातून चावीची फ्लॉपी काढून पाटावर ठेवली, कागदी पाकिटात.

"हिले बी लावा. खरी मालकीण तर हीच."

कौशल्येनं बोट कुंकवात बुडवलं आणि ती थांबली. देवाला कुणी पाकिटावरून कुंकू लावतं? देव्हाऱ्यातला टाक काढतो, पुसतो, उघड्या कपाळाला लावतो. तिनं पाकीट काढलं. काळ्या चौकोनाला मधोमध एक लांबट खिडकी होती, आणि खिडकीत काहीतरी तपकिरी, नितळ चमकत होतं. बोडीच्या पाण्यासारखं. कपाळ हेच, असं तिला वाटलं. तिनं तिथं ओलं कुंकू लावलं, वर हळदीचं बोट ओढलं आणि दोन अक्षता चिकटवल्या. हात जोडले.

"माय, माझ्या लेकीचे पक्षी नीट दे," ती पुटपुटली.

यादोरावांनीही हात जोडले. नारळ फुटला.

एकादशीला सेवकराम आला. कौशल्या नवं सूत घेऊन आधीच येऊन बसली होती. त्यानं चावीची फ्लॉपी पाकिटातून ओढली आणि तिच्याकडं पाहतच राहिला.

"हे काय केलं? कोणं केलं हे?"

"पूजा केली," कौशल्या म्हणाली. "कालच्या रोजी नाही करत काय?"

सेवकरामनं धोतराच्या फडक्यानं पुसलं, ओल्या कापसानं पुसलं. कुंकू आणखीच पसरलं. त्यानं ती आत सारली. मशीन कर्रकर्र करू लागलं, जात्यात खडा अडकल्यासारखं. मग पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मूळ चावी टाका."

"टाकली ना मंग?"

"मशीन त्या खिडकीतूनच वाचते, वहिनी. कुंकवामुळं त्याले ओळखू येऊन नाही राहिली."

त्यानं नक्षीची फ्लॉपी टाकून पाहिली. पडद्यावर नावांची यादी आली. त्यात एक नाव त्यानं बोट ठेवून दाखवलं. "हे पाहा. सारस. हाय अंदर. साबूत हाय. तिले कुंकू नाही लागलं."

"मंग उघड ना भाऊ."

"उघडत नाही ना, वहिनी. चावीशिवाय नाही उघडत."

कौशल्या त्या नावाकडे पाहत राहिली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण दार लावलेल्या घरातून आपल्या माणसाच्या खोकल्याचा आवाज यावा, तसं तिला झालं.

दिवाळीच्या आधी यादोराव, सेवकराम आणि कौशल्या एसटीनं नागपूरला गेले. दोन्ही फ्लॉप्या कौशल्येनं धुतलेल्या फडक्यात बांधून कमरेला खोचल्या होत्या. कंपनीचे साहेब चांगले होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. वरच्या पंख्याखाली त्यांनी कुंकवाची फ्लॉपी उजेडात धरून पाहिली आणि ओठ दाबून हसू आवरलं.

"अशी केस प्रथमच आली. काळजी करू नका. सोसायटीच्या नावानं अर्ज द्या, नवीन चावी पाठवतो."

कौशल्येचा जीव भांड्यात पडला. "मंग सारस उघडन?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तेवढं नाही होणार, बाई. प्रत्येक चावीचा नंबर वेगळा असतो. ज्या चावीनं नक्षी भरली, तिचाच नंबर नक्षीवर बसतो. नव्या चावीनं पुढच्या नक्ष्या उघडतील. जुन्या नाही."

"म्हणजे नक्षी कंपनीची झाली काय?" यादोरावांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता.

"छे छे! नक्षी तुमचीच. शंभर टक्के तुमची. आम्हाला काय करायची ती? न्या ना, तुमच्याजवळच आहे."

"पण पाहता येत नाही."

"प्रोग्राम आमचा आहे ना. आम्ही त्याला संरक्षण दिलंय."

"कोणापासून?" कौशल्येनं विचारलं.

"म्हणजे… कुणी नक्कल करू नये म्हणून."

"माझी सासू विचारत होती, आपल्याच घरात आपण चोरी करू काय म्हणून. तवा आम्ही सारे हासलो." तिनं पदरानं चहाच्या कपाची कड पुसली, तसाच भरलेला कप खाली ठेवला. "साहेब, तुमी बनवलं, तुमाले तरी उघडता येत असन?"

"ज्यांनी हा प्रोग्राम लिहिला ते मुंबईला गेले. दुसऱ्या कंपनीत. आम्ही फक्त विकतो." मग त्यांना तिची खरोखरच दया आली असावी. "तुम्ही एक करा ना. नक्षी पुन्हा भरून घ्या. जुना नमुना असेलच की घरी."

कौशल्येनं त्यांच्याकडं पाहिलं. "जाळं उसवलं, तवा भरलं. लुगडं बुढीसंगं जळलं. बुढी गेली. कुठून भरू?"

"कागदावर नव्हतं उतरवून ठेवलं?"

यादोराव खिडकीबाहेर पाहू लागले. रस्त्यावर सायकलरिक्षांच्या घंट्या वाजत होत्या.

परतीच्या बसमध्ये सेवकराम म्हणाला, "वहिनी, कुंकू पाकिटावर लावलं असतं तर…" कौशल्या म्हणाली, "बोल ना. माह्यानंच झालं. आज नाही तर उद्या सारं गाव म्हणन." मग भंडारा येऊन गेल्यावर ती स्वतःशीच म्हणाली, "पण पुसून जाते ते कुंकू. असं कसं देवपण, एका बोटानं मरते?"

एक आशा उरली होती. खेमराजची थोरली बहीण गिरजाबाई नाकाडोंगरीला दिलेली. तीही ह्याच घरची लेक, तीही सारस नेसून गेलेली. कौशल्या एकटीच निघाली. गिरजाबाईनं तिला पाट दिला, पाणी दिलं, आणि ऐकून घेतल्यावर ताडकन बोलली.

"वा वहिनी! आईचं जाळं तुमी उसवलं, आईचं लुगडं तुमी जाळलं, अन् आता माझ्या संदुकेवर नजर!"

"बाई, विजूसाठी मांगून राहिली. विणून होताच परत आणून देईन. फक्त पाहू द्या."

"पाहा ना. पाहा! थांबा, आणते." गिरजाबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलचा एक मोठा गंज होता, भात शिजवायचा. तो तिनं कौशल्येपुढं ठणकन ठेवला.

"हे तुमचं सारसकाठ."

कौशल्येला कळेना.

"भांडेवालीले देऊन टाकलं, दोन वर्षं झाली. घडीवर विरलं होतं. काठाले जर होती ना, म्हणून घेतलं तिनं. मले काय माहीत का घरी एक बी राहणार नाही म्हणून? मले वाटे, तिकडं जाळं हाय, पाहिजे तवा विणतीन." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी बी तुमच्यासारखीच, वहिनी. तिकडं हाय, म्हणून इकडलं देऊन टाकलं."

दोघी गंजाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. मग गिरजाबाईनं त्याच गंजात भात टाकला आणि भावजयीला जेवू घातलं. भात चांगला मोकळा झाला होता.

घरी आल्यावर कौशल्येनं नवं जाळं बांधायला घेतलं. आठवणीतून. पाण्याचे धागे सोपे, ते जमले. करवत तर हातातच होती. मग पाय. तिनं गाठी मारल्या, दोरी ओढली, दोन बोटं विणलं. जे उमटलं ते पाहून म्हातारा तुलाराम ओट्यावरून म्हणाला, "कोंबडा हाय काय बाई?" तिनं उसवलं. पुन्हा बांधलं. ह्या खेपेला बदक झालं. मान वळतच नव्हती. मान वळायची ती कुठल्या गाठीनं, हे त्या एका म्हातारीच्या बोटांना माहीत होतं, आणि ती बोटं राख होऊन बोडीच्या पाण्यात गेली होती.

विजयमाला मागाशी येऊन उभी राहिली. "आई, राहू दे ना. बदक बी चालते मले."

"तुले चालते. मले नाही चालत." मग ती निवली. "बदक नेसून लेक धाडली म्हणतीन. त्यापेक्षा जागा कोरी ठेवते."

आणि तिनं तसंच केलं. खाली बोडीचं पाणी, पाण्यावर करवतीचे दाते, आणि दात्यांवर जिथं पक्षी उभे राहायचे तिथं रिकामा कोसा. विणताना ती सगळं गाणं म्हणायची, एकही ओळ गाळत नव्हती. पाण्याच्या ओळीला दोरी ओढायची. पंखांच्या ओळी आल्या की तोंडानं पंख म्हणायची आणि हातानं साधा धोटा टाकायची. ओट्यावर म्हाताऱ्याची मान डोलायची बंद झाली होती. दोघं एकमेकां झुकले, ही ओळ आली की तो उठून बाहेर जायचा.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ती सोसायटीत गेली. नवी चावी आली होती. यादोरावांनी ती लोखंडी कपाटात ठेवली होती आणि कपाटावर कागद चिकटवला होता, हळदकुंकू लावू नये म्हणून. टेबलाशी शेजारची वच्छला आपल्या घरचं जाळं मांडीवर घेऊन बसली होती आणि सेवकराम चौकटी भरत होता. अर्धं जाळं उसवून झालं होतं.

"कागदावर उतरवून घे वच्छला," कौशल्या म्हणाली.

"छापाचं मशीन येऊन राहिलं म्हणते ना, माघ सरता सरता," वच्छला म्हणाली.

कौशल्येनं त्या उसवलेल्या दोऱ्यांकडं पाहिलं. तिनं यादोरावांपुढं हात केला. "माझी फ्लॉपी द्या. नक्षी माझी हाय म्हणे ना?"

"तुमचीच हाय, वहिनी. पण घेऊन काय कराल?"

"लेकीसंगं देईन. आमच्या घरची लेक सारसाशिवाय जात नाही."

यादोरावांनी ती काढून दिली.

मांडवात लाखनीच्या वऱ्हाडाच्या बायांनी विजयमालेचा काठ बोटात धरून पाहिला. "कोसा चांगला हाय. पण काठ कोरा काहून वो?" विजयमालेची सासू निर्मलाबाई म्हणाली, "आजकाल अशीच फॅशन असन." कौशल्येनं मान हलवली. निरोपाच्या वेळी तिनं लेकीच्या पेटीत, सगळ्यात खाली, रुमालात गुंडाळलेला तो काळा चौकोन ठेवला. "कवा तरी कोणी उघडन," ती म्हणाली. "तुह्या लेकीच्या वक्ताले तरी." विजयमाला रडत होती, तिनं ऐकलं की नाही कोण जाणे.

पावसाळा सरत आला तेव्हा कौशल्या लेकीला पाहायला लाखनीला गेली. दुकान हमरस्त्यावरच होतं. ट्रकमागून ट्रक जात, आणि प्रत्येक ट्रकमागं धुळीचा लोट येई. विजयमाला माहेरच्या माणसाला पाहून हरखली, आत चहा टाकायला पळाली. निर्मलाबाईनं विहिणीला बाकड्यावर बसवलं.

"बसा विहीणबाई. पाणी घ्या आधी. लय धूळ उडते ना इथं, म्हणून सारं झाकून ठेवा लागते."

तिनं पाण्याचा गिलास आणून पुढं ठेवला. गिलासावर तो काळा चौकोन झाकण म्हणून होता. पाण्याच्या ओलीनं त्याची एक कड फुगली होती. मधल्या खिडकीवर ओल्या बोटांचे ठसे वाळून पांढरे झाले होते.

"बरोब्बर बसते पाहा गिलासावर," निर्मलाबाई कौतुकानं म्हणाली. "सूनबाईच्या पेटीत निघालं. काय होय हे? आमाले तर काही समजलं नाही. तिले इचारलं तर म्हणते, पक्षी हायेत अंदर. आमचा इश्वर इतका हासला!"

आतल्या दारात विजयमाला कपबशी घेऊन उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. आईकडं न पाहता ती खाली पाहत होती.

कौशल्येनं झाकण उचललं. ते दोन बोटांत धरून तिनं उजेडाकडं केलं. मग बाकड्यावर ठेवलं आणि पाणी प्यायली, सगळं.

"गोड हाय पाणी," ती म्हणाली.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. धूळ आली. तिनं रिकाम्या गिलासावर झाकण पुन्हा नीट बसवलं.